झूल खुंटीवरून खाली काढली

आज पिकाचं नाही, झुलीचं लिहितो.

2022 ला लम्पी आली, त्यात आमच्या जोडीतला एक बैल गेला. एकट्याचं काय करायचं म्हणून पुढच्या उन्हाळ्यात दुसरा विकला. पेरणी ट्रॅक्टरवर गेली. गोठ्याच्या खुंटीवर राहिली ती याडीने भरलेली झूल. आम्ही लोणार तालुक्यातल्या तांड्यावरचे. याडी फेटिया-कांचळी घरीच भरायची. त्यातलेच आरसे, कवड्या अन् लाल-पिवळा दोरा घेऊन तिने पोळ्यासाठी ही झूल दोन पावसाळे बसून केली होती.

नोव्हेंबरात पुण्याहून मुलीचा फोन आला. ऑफिसातल्या बायकांना ख्रिसमसच्या झाडाला लटकवायला हाताने भरलेले नग पाहिजेत, 20 नग, एकाचे 150 रुपये. तिनेच सांगितलं, कर्नाटकात संडूरच्या आपल्याच लंबाणी बायकांच्या भरतकामाला जीआय आहे, अन् 2023 ला हम्पीत जी-20 च्या वेळी 1755 वस्तू मांडून गिनीजमध्ये नाव लागलं.

घरचीने नवे तुकडे भरायला घेतले. पण दिवसभर कापूस वेचणी, रात्री किती होणार? 11 वर गाडी अडली. मंग तिने झूल खाली काढली. मी म्हटलं, "तिला कात्री लावायची नाही."

"तुम्ही जपून ठेवली, अन् उंदरांनी खाल्ली. उलटी करून पाहा."

पाहिलं तर एक बाजू पुरी कुरतडलेली. दोन दिवस मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मीच वाटी घेऊन बसलो अन् चांगल्या जागेवर खडूने गोल मारले. 9 निघाले.

आता शिवायचं कसं, ते सांगतो. जुनी झूल धुवायची नाही. ओला पांढरा फडका लाल दोऱ्यावर दाबून पाहिला, तर रंग उतरला. नुसती झटकली. गोलाच्या बाहेर अर्धं बोट कापड सोडून कापायचं. साध्या तुकड्याला पाठीमागून कापड लावून उलट्या बाजूने शिवायचं, दोन बोटं तोंड उघडं ठेवायचं. कडेला बारीक चिरा द्यायच्या, नाहीतर गोल नीट बसत नाही. मग उलटवून आत रुई भरायची. रुई बोटांनी मोकळी करून घ्या, नाहीतर गाठी दिसतात.

आरशाचा तुकडा मात्र उलटवायचा नाही. पहिलाच आरसा तसा फुटला. त्याला लग्नपत्रिकेचा पुठ्ठा गोल कापून त्यावर कड मुडपली, मागून दुसरा गोल लावून कडेनं टाके घातले. खाली गोंडा अन् एक कवडी, म्हणजे नग सरळ लटकतो. वर दोऱ्याचा फासा.

हिशोबही सांगतो. पाव किलो रुई लागली. क्विंटलभर कापसात 34-35 किलो रुई निघते, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास कापूस. 2025-26 च्या 8110 च्या हमीभावाने तो 60 रुपयांचा. नगांचे आले 3000. पण भरण्यापासून गोंड्यापर्यंत नव्या नगाला घरचीच्या चार-पाच रात्री जातात. पुढच्या वर्षी 150 ला द्यायचे नाहीत, हे मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बापू, मग बायका घेणार नाहीत." त्यावर आमचं अजून ठरलं नाही.

झुलीची मधली पट्टी, बैलाच्या पाठकण्यावर येते ती, कापली नाही. तिला मांजरपाटाचं अस्तर लावून कडुनिंबाच्या पाल्यात पेटीत ठेवली. मुलीने झाडाचा फोटो पाठवला. त्यात याडीच्या हाताचे दोन गोल मी लगेच ओळखले. बाकीचे सात दिसले नाहीत.

तुमच्या गोठ्यात झूल असेल तर आजच खाली काढा अन् उलटी करून पाहा.