उरलेलें गाणें

आमचा भाचा २०१० सालीं कॉलेजसाठीं आमच्या घरीं राहावयास आला, तेव्हां त्याच्याबरोबर दोन बॅगा, एक लॅपटॉप आणि ‘लिंकिन पार्क’ या अमेरिकन रॉक बँडचीं असतील नसतील तेवढीं सारीं गाणीं आमच्या घरांत शिरलीं. त्यांतलीं बहुतेक ऐकतांना कोणी दारावर धक्के मारून आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करीत आहे असा आम्हांस भास होई, व तेवढ्यापुरते आम्ही गॅलरींत जाऊन बसत असूं. एके दिवशीं मात्र त्याच्या खोलींतून कांहीं निराळेंच, आर्जवी स्वरांतलें ऐकूं आलें आणि आम्हीं न राहवून चौकशी केली.

“हें ‘नॉट अलोन’, मामा,” तो म्हणाला. “हैतीच्या भूकंपासाठीं दिलेलें. फारसें कोणाला माहीत नाहीं.”

हैतीचा भूकंप आमच्या स्मरणांत ताजा होता. ता. १२ जानेवारी २०१० रोजीं, सायंकाळचे पांच वाजण्यास थोडीं मिनिटें असतांना, ७ तीव्रतेचा धक्का बसला, आणि त्याचें केंद्र राजधानी पोर्तोप्रँसपासून अवघ्या पंचवीस किलोमीटरांवर होतें. जेथें अध्यक्षांचा प्रासाद आणि शहराचें मुख्य कॅथीड्रल कोसळलें, तेथें गरिबांच्या सिमेंटच्या खुराड्यांची कथा काय सांगावी! मृतांचा आंकडा कोणी एक लाखाच्या आसपास धरतात. तेथील सरकारनें तो तीन लाखांच्या वर नेला. माणसें मेलीं तीं मेलींच, पण त्यांची धड मोजदादही झाली नाहीं, याचें आम्हांस अधिक वाईट वाटतें.

पुढच्याच महिन्यांत ‘वी आर द वर्ल्ड’ या १९८५ च्या प्रसिद्ध गाण्याची नवी आवृत्ति हैतीसाठीं निघाली. ऐंशींहून अधिक कलावंत एकत्र जमले आणि हिवाळी ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्या दिवशीं तें जगापुढें आलें. ‘नॉट अलोन’च्या वाट्याला असला थाट आला नाहीं. या बँडनें २००४ च्या डिसेंबरांतील त्सुनामीनंतर ‘म्यूझिक फॉर रिलीफ’ नांवाची संस्था काढली होती. तिच्यातर्फे अनेक गायकांनीं दिलेल्या गाण्यांचा एक संग्रह भूकंपानंतर थोड्याच दिवसांत इंटरनेटवर ठेवण्यांत आला. गाणीं उतरवून घ्यावीं आणि होईल तेवढें दान करावें, अशी योजना. त्या संग्रहांतलें हें एक.

“इतक्या थोड्या दिवसांत रचलें?” आम्हीं कौतुकानें विचारलें.

“छे! आधींचेंच आहे. २००७ च्या ‘मिनिट्स टु मिडनाइट’च्या वेळचें. शंभरावर कच्चीं गाणीं केलीं होतीं, त्यांतलीं बारा अल्बममध्यें घेतलीं. हें राहिलें.”

“म्हणजे उरलेलें!” आम्ही म्हणालों, आणि आमच्या जिभेस स्फुरण चढलें. नचिकेत्याच्या बापानें यज्ञांत दूध आटलेल्या म्हाताऱ्या गायी दान केल्याची कठोपनिषदांतली कथा आम्हीं त्यास साग्र ऐकविली. भाच्यानें ती शेवटपर्यंत ऐकून घेतली व मग अगदीं शांतपणें म्हटलें, “आई सांगत होती, किल्लारीला तुम्ही चेन तुटलेला स्वेटर पाठवला होतात.”

तें खरें होतें. १९९३ ची अनंतचतुर्दशी. गणपति बोळवून लोक निजले आणि ता. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी-सास्तूरकडचीं गांवें दगडमातीच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. दोन-तीन दिवसांनीं आमच्या गल्लींत कपडे गोळा करणाऱ्या मुलांची हातगाडी आली. आम्हीं एक गांठोडें बांधलें, त्यांत तो स्वेटर होता. एवीतेवी तो आम्ही टाकणारच होतों. आमच्या आईनें मात्र ट्रंकेच्या तळांतून एक कोरें इरकली लुगडें काढलें. “आई, तें कशाला?” असें आम्हीं म्हटलें. “मग कोणतें देऊं?” एवढेंच ती म्हणाली. पुढें तिकडे जाऊन आलेल्या एका स्नेह्यानें सांगितलें कीं, फाटक्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते व कोणी त्यांस हात लावीत नव्हतें. आमच्या स्वेटराविषयीं आम्हीं कांहीं विचारलें नाहीं.

तेव्हां हें गाणें स्वेटर कीं लुगडें? आईचें लुगडेंही एका अर्थीं उरलेलेंच होतें. त्याची घडी मोडण्याचा प्रसंग आला नव्हता इतकेंच. बारांच्या पंक्तींत ज्यास पाट मिळाला नाहीं, तें गाणें वाईटच असलें पाहिजे असें नाहीं. मुद्दाम हैतीसाठीं तें रचलें नाहीं, हा दोष आम्ही त्या दिवशीं मोठा मानला होता. आज मानीत नाहीं. प्रसंगासाठीं पाडलेल्या पद्यांचा आम्हांस अनुभव आहे. नारळ फुटला कीं त्यांचें काम संपतें.

त्या गाण्याचा गायक चेस्टर बेनिंग्टन यानें ता. २० जुलै २०१७ रोजीं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, आत्महत्या केली. ‘नॉट अलोन’, म्हणजे ‘एकटा नव्हे’, हें नांव आम्हांस त्या दिवसापासून नीट उच्चारतां येत नाहीं. भाचा तेव्हां नोकरीनिमित्त बंगळूरास होता. त्याचा फोन आला तेव्हां मध्यरात्र उलटून गेली होती.

“मामा, झोपला होतात?”

“नाहीं रे, बोल.” झोपलों होतों.

बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “पहिल्या वर्षीं मी नापास झालों होतों, आठवतें? तेव्हां रोज रात्रीं तेंच गाणें लावीत होतों. हैतीला एक पैसा दिला नाहीं मामा मी, नुसतें ऐकलें. आणि तुम्ही भिंतीवर टकटक करीत होतात, आवाज कमी कर म्हणून.”

तें गाणें आतां तेथेंही चालू होतें. फोनमधून अगदीं बारीक ऐकूं येत होतें. आम्हीं त्यास आवाज वाढवावयास सांगितलें.