काशीतली लंका

काशीत लंका कशी? रामलीलेतल्या लंकेवरून वस्तीला हे नाव पडले, असे सांगतात. १९१६ साली पंडित मदनमोहन मालवीयांनी स्थापन केलेल्या हिंदू विद्यापीठाचे सिंहद्वार इथेच आहे. गाव सोडून आलेल्या पोराला वसतिगृहात खोली मिळते. आपलेपणा मिळतो तो लंकेच्या रस्त्यावर. ‘चाची’च्या दुकानात कचोरीबरोबर शिव्याही मिळत, पोरे त्या आशीर्वाद समजून घेत. पलीकडे पहलवानाची लस्सी.

जून २०२५ मध्ये रस्ता रुंद करताना ही दोन्ही जुनी दुकाने पाडली गेली. रुंद रस्ता हवाच. विद्यापीठाचे मोठे रुग्णालयही इथेच आहे. पण परक्या गावात पोराला हक्काने दटावणारी जागा सरकारी मोजणीत कशी धरायची?