आधी ऊब, मग सेल्फ



पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि इंधन पेटते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. तिथे हवा साधारण विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, दाबल्यामुळे ती 500 अंशांच्याही वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची यशस्वी चाचणी 1897 मध्ये जर्मनीतील औग्सबुर्गला झाली. आजही तत्त्व तेच आहे: आतली ऊब टिकली तरच आग लागते.

आमच्या धर्मग्रामाची जुनी डिझेल व्हॅन रात्री देवास गेटजवळ उघड्यावर उभी असते. बस स्टँड आणि रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आजारी माणसांना आणणे-नेणे तिथून सोयीचे पडते. तिची किल्ली आम्हा चार-पाच सेवेकऱ्यांकडे आळीपाळीने फिरते. उन्हाळ्यात किल्ली फिरवताच ती सुरू होते. पण माळव्याच्या रात्रींचे कितीही कौतुक असले, तरी डिसेंबरात पारा 10 अंशांखाली गेला की पहाटे तिची रडगाणी सुरू होतात.

गेल्या आगमनकाळात या रडगाण्याला वेगळेच वजन आले. आमच्यातल्या एका मावशींना इंदूरला रेडिएशन सुरू झाले होते. सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी आठची वेळ. या उपचारात मध्येच खाडे पडून चालत नाही. ठरलेले दिवस लांबले तर गुण कमी येतो, असे डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावले होते. इंदूर 55 किलोमीटर. म्हणजे सहाच्या आत निघायला हवे.

एके पहाटे गाडी सुरूच होईना. सेल्फ मारला की इंजिन जडपणे फिरायचे, मागून पांढरा धूर यायचा आणि सगळे थंड. मावशी शाल गुंडाळून मागच्या सीटवर, मांडीवर रिपोर्टची पिशवी. शेवटी त्यांना घेऊन आम्ही बसने गेलो. तिथल्या लोकांनी सांभाळून घेतले आणि दुपारची वेळ दिली. उपचार झाला, पण मावशी दिवसभर बाकावर बसून होत्या.

संध्याकाळी ओळखीचे मिस्त्री आले. बॉनेट उघडण्याआधी त्यांनी एकच विचारले, “धुआँ आता था क्या?” पांढरा धूर येत होता म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. इंधन आत पोहोचतेय, पण पेटत नाही. धूरच नसता तर पाइपात एअर शिरली आहे का, फिल्टरमध्ये पाणी आहे का, ते आधी पाहावे लागले असते. डिझेल गोठले असेल, ही आमच्यातल्या एकाची शंका त्यांनी हसून सोडून दिली. ते दुखणे लडाखचे. तिथे उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहील असे खास हिवाळी डिझेल 2019 पासून मिळते. उज्जैनची थंडी तेवढी कडक नाही.

मग त्यांनी हीटर प्लग तपासले. सेल्फ मारण्याआधी काही सेकंद लालबुंद होऊन आतली जागा तापवायची, एवढेच या प्लगांचे काम. आमच्या इंजिनाला असे चार. वरची तार सोडवून त्यांनी बॅटरी आणि एकेका प्लगमध्ये छोटा बल्ब धरला. बल्ब लागला तर प्लग जिवंत. चारांपैकी दोनच लागले. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवा थरही चढला होता. दोन्ही मिळून थंडीचे काम सोपे झाले होते. बॅटरी अशक्त, म्हणून इंजिन हळू फिरते. हळू फिरले की दाबलेल्या हवेची ऊब गार लोखंड शोषून घेते. त्यात पुन्हा पुन्हा सेल्फ मारला की बॅटरी आणखी उतरते, आणि उरलेल्या दोन प्लगांनाही पुरेसा करंट मिळत नाही. मिस्त्री म्हणाले, “पहले हीटर, फिर सेल्फ. ठंडे को मारने से नहीं चलता.”

दोन प्लग बदलले, टर्मिनल घासून घट्ट केले. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला किल्ली अर्धी फिरवली, मनात वीस अंक मोजले, मग सेल्फ मारला. गाडी सुरू झाली.

त्या रात्री प्रार्थनेच्या वेळी आम्ही पौलाचे तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र वाचले. तीमथ्याला मिळालेले देवाचे दान त्याने पुन्हा चेतवावे, असे पौल पहिल्याच अध्यायात सांगतो. पण त्याआधी काय लिहिले आहे, ते पाहा. मी रात्रंदिवस तुझ्यासाठी प्रार्थना करतो. तुझे अश्रू मला आठवतात. तुला भेटायची ओढ लागली आहे. तुझी आजी लोईस, तुझी आई युनीके, त्यांचा विश्वास मी विसरलेलो नाही. एवढे सगळे झाल्यावर मग सांगणे येते. हे लिहिणारा स्वतः तुरुंगात आहे; शेवटच्या अध्यायात तो त्रोवसला राहिलेला आपला झगा मागवतो आणि हिवाळ्याआधी ये म्हणून विनवतो. थंडी काय असते, हे त्याला कुणी शिकवायला नको होते.

आपल्या धर्मग्रामातही कुणी ना कुणी गार पडलेले असते. उन्हाळ्यात ते कळत नाही, कारण बाकीचे प्लग चालू असतात आणि गाडी धावते. पूर्वी ही व्हॅन चालवणारे एक काका पत्नी गेल्यापासून मिस्साला येत नव्हते. त्या आठवड्यात आमच्यातले दोघे त्यांच्याकडे गेले. “का येत नाही?” हा सेल्फ मारायचा नाही, एवढे ठरवून. चहा झाला, काकूंचा जुना फोटो पाहिला, त्यांच्या हातच्या लोणच्याची आठवण निघाली. दुसऱ्या भेटीतही तेच. तिसऱ्या भेटीत काकांनीच विचारले, “मावशींना इंदूरला कोण नेतं?”

उरलेल्या फेऱ्यांपैकी बुधवारच्या काकांनी केल्या. मिस्साला ते अजून दर रविवारी येत नाहीत. आम्ही विचारत नाही. बुधवारी त्यांच्यासाठी थर्मासमध्ये चहा भरून देतो. मावशींचा उपचार पुढे खाडा न पडता पूर्ण झाला, आता तपासणीची वाट आहे. त्यांना आपल्या प्रार्थनेत ठेवा.

या आठवड्यात आपल्या ओळखीचे कोण गार पडले आहे, ते आठवा. जा, बसा, वीस अंक मोजण्याइतका तरी धीर धरा.

हे प्रभू, ज्यांच्यात तू दान ठेवले आहेस, पण थंडीने ज्यांना घेरले आहे, त्यांच्याजवळ आम्हांला ऊब घेऊन पाठव. आमेन.