गेरसप्पा : चांदी, टपाल आणि खलाशी

पत्र पहिले : लिझर्ड, कॉर्नवॉल

ती. दादांस सा. न. वि. वि.

इंग्लंडच्या या दक्षिण टोकावरील कॅर्थिलियन नावाच्या चिंचोळ्या खाडीत १ मार्च १९४१ रोजी एक जीवरक्षक होडी लाटांत उलटली आणि तिच्यातील केवळ एक माणूस, रिचर्ड एअर्स हा दुय्यम अधिकारी, वाचला. ती होडी ‘गेरसप्पा’ या मालवाहू आगबोटीची होती. शरावतीच्या धबधब्यामुळे मराठी वाचकाला परिचित असलेले हे नाव ब्रिटिश इंडिया कंपनीने १९१९ साली बांधलेल्या आपल्या नौकेला दिले होते. डिसेंबर १९४० मध्ये ती कलकत्त्याहून बिडाचे लोखंड, चहा, चांदी आणि टपाल घेऊन निघाली व आफ्रिकेतील फ्रीटाउन येथे ‘एसएल ६४’ या ताफ्यात, म्हणजे आरमारी संरक्षणाखाली एकत्र चालणाऱ्या व्यापारी नौकांच्या समूहात, सामील झाली. पुढे वादळी हवेत कोळसा पुरेनासा झाल्यामुळे तिला ताफा सोडून आयर्लंडमधील गॉलवे बंदराची वाट एकटीने धरावी लागली. पाणबुडीच्या भयापेक्षा कोळशाच्या हिशेबानेच तिचा घात केला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. १६ फेब्रुवारीला एका जर्मन विमानाने तिला हेरले आणि त्याच रात्री ‘यू-१०१’ या पाणबुडीच्या पाणतीराने ती बुडवली. नौकेवरील ८६ जणांपैकी ८५ जण दगावले. त्यांतील बरेचसे भारतीय खलाशी होते आणि होडीत चढलेल्यांपैकी बहुतेकांचा जीव किनारा दिसण्यापूर्वीच तहान, थंडी व उपासमारीने घेतला.

पत्र दुसरे : लंडन

ती. दादांस सा. न. वि. वि.

२०११ साली एका अमेरिकी कंपनीला या नौकेचे अवशेष सुमारे ४,७०० मीटर खोलीवर, म्हणजे ‘टायटॅनिक’पेक्षाही खाली, सापडले. पुढील दोन वर्षांत चांदीच्या हजारो विटा वर आल्या आणि वृत्तपत्रांनी, स्वाभाविकपणे, त्यांचेच कौतुक केले. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ७१७ पत्रे अधिक मोलाची ठरतात. हिंदुस्थानातून १९४० च्या अखेरीस धाडलेली ही खाजगी व व्यापारी पत्रे इतर मालाच्या ढिगाखाली दडपली गेली होती. तेथे उजेड नव्हता, प्राणवायू जवळजवळ नव्हता आणि पाणी अतिशय थंड होते. त्यामुळे कागद कुजवणाऱ्या जीवजंतूंना वाव मिळाला नाही आणि सत्तर वर्षांनंतरही मजकूर वाचता आला. ती जतन करून येथील टपाल संग्रहालयाने २०१८ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले.

नौकेवरील माणसांची नोंद मात्र दोन ठिकाणी विभागलेली आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांची नावे टेम्स नदीलगतच्या टॉवर हिल येथील व्यापारी नाविकांच्या स्मारकावर ब्राँझमध्ये कोरलेली आहेत, तर समुद्रातच अंत झालेल्या भारतीय खलाशांसाठी स्मरणग्रंथ करण्यात आला असून त्याची एक प्रत चितगावच्या युद्धस्मशानात व दुसरी मुंबईतील खलाशांच्या वसतिगृहात ठेवण्यात आली. सहा हजारांहून अधिक नाविकांचे स्मरण त्या एकाच ग्रंथात केलेले आहे. मशीद बंदराकडे कधी जाणे झाल्यास दादांनी त्याची चौकशी अवश्य करावी.

इति लेखनसीमा.