रंगाआधीची सफाई

यंदा जुलैच्या मध्यावर आमच्या भगिनीचा निरोप आला, "दादा, तुमच्या भाच्याला समजावा. बोटीतली घाण उपसायला लावलंय त्याला."

भाचा बारावी झालेला, सावित्रीच्या खाडीतील एका मच्छिमार बोटीवर खलाशी आहे. भगिनीचा संताप आम्हांस कळत होता. आमच्या आजोबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे सोडले, त्यापायी गावाचा बहिष्कार सोसला. आणि पणतवाने पुन्हा घाणीत हात घालायचा?

रविवारी आम्ही बंदरावर गेलो. याच खाडीतून डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब बोटीने दासगावला उतरून महाडच्या परिषदेला गेले होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे बोटी वर ओढून डागडुजी चालली होती. आम्ही तांडेलांना सरळ विचारले, "हे काम याच्याच वाट्याला का?"

ते उत्तर देण्याआधीच इंजिन रूमच्या झाकणातून कोपरापर्यंत काळे झालेले दोन हात वर आले. बोटीचे ड्रायव्हर होते. म्हणाले, "ज्याला इंजिन शिकायचंय, त्यानं आधी ते पुसायचं. मी पण पुसतोय ना!"

आम्ही शर्ट काढून ठेवला आणि खाली उतरलो.

आधी बॅटरीच्या वायरी सोडल्या. बुडातले तेलकट पाणी डब्यांत भरले. ते खाडीत ओतायचे नाही, अशी ड्रायव्हरांची सक्त ताकीद. मग साबणाच्या गरम पाण्याने चिकटा काढला, तारेच्या ब्रशने गंज खरवडला. मागे कोणीतरी ग्रीसवरच रंग फासला होता, त्याचे पापुद्रे हातात येत होते.

आठवडाभर ताडपत्रीखाली सारे सुकू दिले. पुढच्या रविवारी लोखंडाला रेड ऑक्साइड आणि त्यावर पांढरा रंग लावला. पट्टे व रबरी नळ्या कागदाने झाकल्या होत्या. थिनरच्या वासाने दहा मिनिटांत आमचे डोके जड झाले. ड्रायव्हरांनी लगेच वर काढले. आत एकट्याने राहायचे नाही, झाकण उघडे हवे आणि वर एक माणूस उभा हवाच, हा त्यांचा नियम.

वाचकहो, २०१३ चा कायदा असूनही गटारात गुदमरून आपलेच बांधव मरतात. त्यांच्यासाठी वर कोण उभे असते? घाण तिथेही आहे, इथेही आहे. तिथे ती जन्माने माथी मारलेली असते आणि माणसाच्या जिवाला किंमत नसते. इथे ड्रायव्हर स्वतः आत होता आणि पोरगा त्याच्याकडून विद्या घेत होता.

आम्ही विचारले, "काळोख्या जागेला पांढरा रंग कशाला? लगेच मळेल."

भाचा हसला. "मामा, मळलेलं दिसावं म्हणूनच. तेल कुठून गळतंय ते कळतं."

ऑगस्टमध्ये इंजिन सुरू केले तेव्हा पंपाखाली एक बारीक काळी रेघ उमटली. ती भाच्यानेच पाहिली आणि पान्याने नट आवळला. आता मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा अर्ज त्याला भरायचा आहे. त्यात सागरी डिझेल इंजिनही शिकवतात.

भगिनीला आम्ही सारे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग पोराचे तेलकट कपडे भिजवता भिजवता म्हणाली, "अर्ज तुम्हीच नीट तपासून द्या."