उशीवरचे केस

आज रिपोर्ट आला. फेरिटिन 14, ड जीवनसत्त्व 11. गेले दोन महिने मी उशीवरचे केस गोळा करत बोअरच्या पाण्याला दोष देत होतो. डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, तीन-चार महिन्यांपूर्वी काय झालं होतं? डेंग्यू. मोठ्या तापात पुष्कळसे केस एकदम वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. तसे रोज 50 ते 100 केस सगळ्यांचेच जातात.

पण त्या थांबल्या फेरिटिनवर, म्हणजे लोहाच्या साठ्यावर. पुरुषाच्या अंगातलं लोह इतकं उतरलं, तर रक्त कुठून जातंय ते शोधावं लागतं, म्हणाल्या. मूळव्याध, अल्सर, कधी आतड्याचा कर्करोगही. शौचाला रक्त पडतं हे वर्षभर मी कुणालाच सांगितलं नव्हतं, हिलाही नाही. आज सांगितलं. सांगताना घसा दाटून आला.

केसांसाठी घेत होतो त्या बायोटिनच्या गोळ्या बंद केल्या. त्यांनी थायरॉइडच्या तपासणीचे आकडेसुद्धा चुकतात. सेलेनियम, अ जीवनसत्त्व जास्त झालं तर उलट केसच गळतात. हे दुकानात कुणी सांगत नाही, आणि सांगायला हवं.

कपाळावरची मागे सरकलेली रेषा मात्र बाबांची. ती हार्मोनची आणि आनुवंशिकतेची गोष्ट, लोहाने भरून यायची नाही. भिंतीवरच्या फोटोत त्यांचं कपाळ तसंच आहे, मोठं, शांत.

उद्या दहा वाजता तपासणी. ही सोबत येतेय.