ऐकणारा माणूस

खुनी कोण हे एकदा कळलं की रहस्यकथेत उरतं काय? ‘ब्योमकेश बक्षी’च्या प्रेक्षकांना हा प्रश्न पडत नाही. खून कुणी केला, कशानं केला, धागा कुठं सापडला, सगळं त्यांना तोंडपाठ असतं, आणि तरीही एखाद्या निवांत दुपारी ते तोच भाग पुन्हा लावून बसतात. बंगाली गुप्तहेर ब्योमकेशवरची बासू चटर्जींची ही मालिका १९९३ साली दूरदर्शनवर आली. १९९७ साली तिचं दुसरं पर्व आलं. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ती पुन्हा दाखवली, तेव्हा जुन्या प्रेक्षकांच्या शेजारी त्यांची मुलंही येऊन बसली. मग घराघरांत जुनीच चर्चा नव्यानं रंगली: मालिकेतल्या रजित कपूरसारखा ब्योमकेश दुसरा झाला का?

बहुतेकांचं उत्तर एकच असतं. उत्तमकुमारनं १९६७ साली सत्यजित राय यांच्या ‘चिड़ियाखाना’त ब्योमकेश केला, आबीर चटर्जीनं बंगाली चित्रपटांत केला, सुशांतसिंह राजपूतनं २०१५ साली हिंदीत केला. प्रत्येकाचे चाहते आहेत आणि ते आपली बाजू हिरिरीनं मांडतात. पण आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांनी दूरदर्शन पाहिलं, त्यांच्या मनात ब्योमकेशला चेहरा आहे तो रजित कपूरचाच. का, असं विचारलं की लोक त्याच्या डोळ्यांबद्दल बोलतात, आवाजाबद्दल बोलतात, धोतर नेसण्याच्या सहजपणाबद्दल बोलतात. माझी मावशी मात्र एकच गोष्ट सांगायची: “अगं, तो मधे बोलत नाही बघ. समोरच्याला पुरतं बोलू देतो.”

मावशीचं हे वाक्य मला या मालिकेवरचं सर्वांत नेमकं मत वाटतं. कोलकात्यात हॅरिसन रोडवरच्या ब्योमकेशच्या खोलीत कुणीतरी घाबराघुबरा येतो, खुर्चीच्या कडेवर टेकतो आणि आपली कहाणी सांगू लागतो. खरं तर आपलं लक्ष त्या माणसाकडे जायला हवं. संकट त्याच्यावर आलंय. पण नजर पुन्हा पुन्हा ब्योमकेशकडे वळते. तो जवळजवळ हलत नाही. पापण्या किंचित झुकलेल्या, बोटांत सिगारेट, चेहऱ्यावर उत्सुकतेचा बडेजाव नाही. आणि मग एखाद्या साध्या शब्दाशी, वेळेच्या किंवा एखाद्या नावाच्या उल्लेखाशी, ती नजर वर उचलली जाते. बस, एवढंच. पार्श्वसंगीत दणाणत नाही, कॅमेरा अंगावर धावून येत नाही. पण काहीतरी सापडलं आहे हे आपल्याला समजतं, आणि ते आपल्यालाच समजलं याचा आनंद होतो.

अभिनयात बोलणं दिसतं, ऐकणं सहसा दिसत नाही. ते दिसायला लावणं फार अवघड. याच रजित कपूरनं त्याच सुमारास श्याम बेनेगलांच्या ‘सूरज का सातवाँ घोड़ा’मध्ये माणिक मुल्ला रंगवला होता. तो मित्रांना कथा सांगणारा, शब्दांत रमणारा माणूस. एकाच नटानं इतक्या थोड्या अवकाशात सांगणाराही उभा करावा आणि ऐकणाराही, याचं मला आजही अप्रूप वाटतं. ज्याला गोष्ट कशी सांगतात हे कळतं, त्यालाच ती सांगताना माणूस नेमका कुठं अडखळतो हेही कळत असावं.

ब्योमकेशचा मित्र अजित याच्याबद्दल मात्र प्रेक्षकांत दोन तट आहेत. के. के. रैना ब्योमकेशपेक्षा वयानं फारच थोरला दिसतो, पुस्तकात तर दोघं बरोबरीचे आहेत, असं काहीजण म्हणतात. दिसतो खरा. पण रैनाचा अजित पाहताना मला त्याचा आधीचा एक चेहरा आठवतो. बासू चटर्जींच्याच १९८६ सालच्या ‘एक रुका हुआ फ़ैसला’मध्ये बाराजणांच्या ज्यूरीत एकटा उभा राहून “जरा थांबू, विचार करू” म्हणणारा सदस्य रैनानंच केला होता. तिथं सगळ्या खोलीला त्यानं ऐकायला लावलं. इथं तो दुसऱ्या खुर्चीवर बसतो, चुकीचे तर्क करतो, मित्राच्या हुशारीनं मनापासून खूश होतो, आणि यातल्या एकाही क्षणी हास्यास्पद होत नाही. त्याआधीच्या ‘करमचंद’ या गुप्तहेर मालिकेत गाजर खाणारा पंकज कपूर आणि त्याची भाबडी सहाय्यक किटी यांनी आपल्याला पोटभर हसवलं होतं, आणि ते हसणंही अस्सल होतं. पण अजितच्या वाट्याला हसू नाही, सन्मान आला. ब्योमकेश त्याला दरडावत नाही. अजितला कळेपर्यंत थांबतो, म्हणजेच आपल्याला कळेपर्यंत थांबतो.

सत्यवतीची भूमिका सुकन्या कुलकर्णीनं केली, याचा मराठी घरांत वेगळाच आनंद होता. पुढं ‘आभाळमाया’मुळं ती घरोघरी पोचली, पण पाठीशी उभं राहायला कुणी नसताना अटकेतल्या भावासाठी ब्योमकेशकडे धाव घेणारी ती मुलगी आम्ही आधीच पाहिली होती. तिच्या बाबतीत प्रेक्षकांची तक्रार आहे आणि मला ती पटते: ब्योमकेशशी लग्न झाल्यानंतर सत्यवतीच्या हाती फारसं काही राहत नाही. जिचं धैर्य पाहून ब्योमकेश भारावला, तिला पुढच्या भागांत आणखी प्रश्न विचारू द्यायला हवे होते.

मालिका संथ आहे, नेपथ्य साधं आहे, मारामारी जवळपास नाहीच, हे आक्षेपही ऐकू येतात. पण ‘रास्ते का काँटा’ हा भाग पाहिलेल्या माणसाला विचारा. भर रस्त्यात माणसं कोसळताहेत, बंदुकीचा आवाज नाही, छातीत रुतलेली आहे ग्रामोफोनची पिन. आणि त्या क्षणी ऐकू आलेली असते फक्त सायकलची घंटी. तो भाग पाहिल्यावर आमच्या गल्लीत दूधवाल्याची घंटी वाजली तरी मुलं चपापायची. इतक्या थोड्या साधनांत एवढी भीती उभी राहते, कारण तोवर मालिकेनं आपल्यालाही कान देऊन ऐकायला शिकवलेलं असतं.

हे सगळं ज्याच्या लेखणीतून आलं, त्याचा आपल्या मातीशी जवळचा संबंध आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईत आले. ब्योमकेशचा जन्म त्याआधीच, १९३२ च्या सुमारास झाला होता, पण चित्रपटांच्या धबडग्यात तो बरीच वर्षं गप्प राहिला. १९५२ साली शरदिंदुबाबू पुण्यात स्थायिक झाले, आणि उत्तरार्धातल्या कित्येक ब्योमकेशकथा त्यांनी पुण्यात राहून लिहिल्या. ‘शैलरहस्य’ या कथेत तर ब्योमकेश महाबळेश्वरच्या थंडीत येऊन राहतो. कोलकात्याच्या गल्ल्या, मेसमधली बिऱ्हाडं, ट्रामचा खडखडाट यांची आठवण सह्याद्रीच्या कुशीत बसून कागदावर उतरली, हे कळल्यापासून मला ही मालिका आणखी आपली वाटते.

आणि या कथांत ऐकण्याचा शेवट नेहमी बेड्या ठोकण्यात होत नाही. शरदिंदुबाबूंच्या ‘आदिम रिपु’ या कथेत १९४७ चं स्वातंत्र्य उंबरठ्यावर आहे, शहरावरच्या दंगलींच्या जखमा ओल्या आहेत, आणि ब्योमकेश सत्य शोधून काढतो, काळ्या पैशाच्या नोटा जाळतो आणि गुन्हेगाराला मोकळं सोडतो. हे योग्य की अयोग्य, यावर प्रेक्षक-वाचक आजही वाद घालतात. घालावाच. पण हा निर्णय त्याला घेता येतो, कारण त्यानं त्या माणसाचं सगळं ऐकलेलं असतं: गुन्हा काय, तो का घडला आणि त्यामागं किती वर्षांचं दुःख साचलं होतं. अर्धं ऐकून शिक्षा देता येते. क्षमा करायला पुरतं ऐकावं लागतं.

म्हणून मला वाटतं, ही मालिका पुन्हा पुन्हा पाहणारे लोक रहस्यासाठी येत नाहीत. रहस्य तर पहिल्याच वेळी संपलं. ते येतात एका अशा खोलीत बसायला, जिथं आलेल्या कुणाचंही बोलणं कुणी तोडत नाही, मोलकरणीचं नाही, म्हाताऱ्याचं नाही, संशयिताचंही नाही. रजित कपूर आणि के. के. रैना यांनी अशी खोली आपल्यासाठी उभी केली, हे त्यांचं फार मोठं काम आहे. आज नवी गुप्तहेर मालिका काढणाऱ्यांना खर्चिक नेपथ्य मिळेल, वेगवान कॅमेरे मिळतील. त्यांनी आधी शोधावा तो असा नट, जो दुसऱ्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतो.